गेममधल्या व्हिलनचा कॉस्प्ले आणि फॅन आर्ट: परत परत येणारे प्रश्न

कॉन (गेम-कॉमिकच्या चाहत्यांचं संमेलन) जवळ आली की माझा इनबॉक्स त्याच त्याच प्रश्नांनी भरतो आणि मी तीच तीच उत्तरं टाइप करत बसते, त्यात माझाच फोम कापायचा राहून जातो. म्हणून एकदाच सगळं इथे टाकतेय. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, शुद्धलेखन थोडं सुधारलंय (माझं स्वतःचं नाही). गेमच्या गोष्टी उघड होणार आहेत, तेव्हा पोर्टल, सायलेंट हिल २, फार क्राय ४ खेळायचे राहिले असतील तर आधी ते संपवा, मी कुठे जात नाही.

१. ताई, हिरो सोडून सगळे व्हिलनच्या मागे का असतात?

पहिलं कारण अगदी साधं, कपडे भारी असतात. हिरोला गेमभर पळायचं, लोंबकळायचं, पाइपातून घुसायचं असतं म्हणून त्याला सुटसुटीत कपडे देतात. व्हिलनला बहुतेक वेळ जिन्यावर उभं राहून बोलायचं असतं, त्याला झगा, शिंगं, खांद्यावर पिसं, सगळं परवडतं.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. हिरोबरोबर आपण चाळीस-चाळीस तास घालवतो, तो उडी कशी मारतो, जखम झाली की कण्हतो कसा, सगळं पाठ होतं. व्हिलन मात्र तुकड्यातुकड्यात भेटतो, एखादा कटसीन (खेळ थांबवून दाखवलेला प्रसंग), कुठेतरी पडलेली डायरी, लांबून ऐकू येणारा आवाज. १९९७ च्या फायनल फँटसी ७ मधला सेफिरोथ घ्या, गेमचा बराच भाग आपण ज्याच्या मागे धावतो तो खरा सेफिरोथ नसतोच, त्याचं रूप घेतलेली जेनोव्हा नावाची परग्रहवासी असते. म्हणजे गेममधला सगळ्यात गाजलेला माणूसच गेममध्ये फारसा नाही. ही रिकामी जागा दिसली की चित्र काढणाऱ्याचे हात शिवशिवतात.

२. कॉस्प्ले, फॅन आर्ट आणि रीइंटरप्रिटेशन यात नक्की फरक काय?

फॅन आर्ट म्हणजे दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर तुम्ही काढलेलं चित्र, मूर्ती, कॉमिक, काहीही. कॉस्प्ले म्हणजे ते कॅरेक्टर अंगावर घेणं, नुसता कपडा नाही, उभं राहणं, मान वळवणं पण. हे जुनं आहे बरं का. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिली वर्ल्ड सायन्स फिक्शन कन्व्हेन्शन झाली तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातले कपडे घालून गेले होते, आणि दोघांचेही कपडे मर्टलबाईंनीच बनवले होते (नाव मात्र जास्त ॲकरमनचं झालं, असो). कॉस्प्ले हा शब्द जपानी, नोबुयुकी ताकाहाशींनी १९८३ मध्ये माय ॲनिमे मासिकात वापरला.

रीइंटरप्रिटेशन हा तिसरा प्रकार नाही, ते या दोन्हींमध्ये करता येतं. हुबेहूब बनवणं ही कारागिरी आहे आणि ती अवघड आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण तुम्ही काहीतरी मुद्दाम बदललंत, आणि ‘हे का बदललं?’ असं विचारल्यावर तुमच्याकडे एका वाक्याचं उत्तर असेल, तर ते रीइंटरप्रिटेशन. ‘असंच, मस्त दिसतं म्हणून’ हेही चालतं, त्याला स्टाइल म्हणा. पुढे बऱ्याच उत्तरांत मी हे एका वाक्याचं उत्तर मागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

३. पहिल्यांदाच करतोय, कोणता व्हिलन घेऊ आणि खर्च किती येईल?

आर्मरवाला घेऊ नका. सगळे पहिल्याच वर्षी शिंगं-पंख-चिलखत घेतात आणि आदल्या रात्री दोन वाजता रडतात, मीही रडलेय.

फार क्राय ४ (२०१४) मधला पेगन मिन बघा. गुलाबी-जांभळट सूट, पांढरट केस, बस्स. सूट जुना घेऊन रंगवता येतो किंवा शिंप्याकडून शिवता येतो आणि कॉननंतर लग्नात घालता येतो, हिंमत असेल तर. आणि त्याच्यात खेळायला मटेरियल भरपूर आहे, प्रश्न ११ बघा.

खर्चाचं म्हणाल तर माझं पहिलं फोमचं चिलखत साधारण साडेतीन हजारात झालं आणि त्यातले हजार तरी चुकीच्या गोंदावर गेले. पुण्यात असाल तर बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, लेस-टिकल्या-गोंड्यांसाठी भुलेश्वर, एलईडी आणि वायरींसाठी लोहार चाळ. एक दिवस काढून नुसतं फिरा, काही विकत घेऊ नका. दुकानदाराला ‘कॉस्प्ले’ सांगायच्या फंदात पडू नका, ‘गॅदरिंगला लागतंय’ म्हणा, लगेच कळतं.

४. किती बदललं तर लोक ओळखतील? माझ्या मैत्रिणी म्हणतात काहीच कळत नाहीये तू कोण आहेस ते.

आकृती पूर्ण काळी भरून बघा, आत काही रेषा नको, फक्त बाहेरची कड. तरी ओळखू आलं तर आतमध्ये वाट्टेल ते करा. माझा ढोबळ हिशेब असा, प्रत्येक व्हिलनच्या तीन खुणा काढायच्या, दोन ठेवायच्या, एक उडवायची. सेफिरोथचे लांब चंदेरी केस, माणसापेक्षा लांब तलवार, काळा कोट. कोट काढून काळी शेरवानी घाला, ओळखतील. केस आणि तलवार दोन्ही काढलीत तर तुम्ही फक्त काळा कोट घातलेला माणूस, उन्हात उभा.

काहींच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही कारण त्यांची खूण एकच असते. सायलेंट हिल २ मधल्या पिरॅमिड हेडचं ते लोखंडी पिरॅमिडसारखं डोकं काढलं की उरतो ॲप्रन घातलेला कसाई. तिथे डोकं तसंच ठेवा आणि बाकी सगळं बदला.

५. बाउझेट हे काय प्रकरण होतं? नुसते मीम्स बघितलेत.

सप्टेंबर २०१८. निन्टेंडोने न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स जाहीर केला, त्यात सुपर क्राउन नावाचा मुकुट होता, तो टोडेट नावाच्या पात्राने घातला की ती प्रिन्सेस पीचसारखी दिसायला लागते. ट्विटरवरच्या एका चित्रकाराने चार चौकटींचं छोटं कॉमिक काढलं ज्यात तोच मुकुट बाउझर घालतो. बाउझर म्हणजे १९८५ पासून पीचला पळवून नेणारा काटेरी कासव-राक्षस. निघाली काळ्या ड्रेसमधली, शिंगांची, सुळ्यांची राजकन्या, गळ्यात बाउझरचाच काटेरी पट्टा, पाठीवर कवच, हीच बाउझेट. दोन दिवसांत जगभरचे चित्रकार तेच काढत होते, जपानमध्ये तिला कुप्पा-हिमे म्हणायला लागले.

आता प्रश्न ४ चा हिशेब इथे लावून बघा. शरीर पूर्ण बदललं पण काटे, शिंगं, कवच, तिन्ही ठेवलं, म्हणून जगातल्या कुठल्याही पोराला एका नजरेत कळलं. आणि एका वाक्याचं उत्तरही आहे, जो पीचच्या मागे तीस वर्षं लागला तो स्वतःच पीच झाला तर? गंमत म्हणजे त्यानंतर सुपर मारिओ ओडिसीचं आर्टबुक आलं त्यात निन्टेंडोच्या लोकांनीही बाउझरने पीचचं रूप घ्यायची कल्पना रेखाटून बाजूला ठेवलेली दिसली. अर्थात यातली बरीचशी चित्रं फक्त अंगप्रदर्शनासाठी होती, त्यात वाक्यबिक्य काही नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.

६. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, लेडी दिमित्रेस्कू करू का? लोक हसतील का?

करा! हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो.

आधी थोडं मागचं. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज मे २०२१ मध्ये आला पण ही बाई, म्हणजे त्यातली किल्ल्याची रक्तपिपासू मालकीण, जानेवारीतच ट्रेलरमध्ये दिसली आणि गेम हातात यायच्या आधीच तिची चित्रं सगळीकडे झाली, म्हणजे लोकांनी फक्त काही सेकंदांवरून अख्खी बाई उभी केली. टोपी आणि हील्स धरून उंची २.९ मीटर, हे गेम बनवणाऱ्या कॅपकॉमच्या आर्ट डायरेक्टरनेच सांगितलंय. तिच्या मागे हंगेरीची, रक्तपिपासू म्हणून बदनाम झालेली सरदारीण एलिझाबेथ बाथरी आहे, ॲडम्स फॅमिलीतली मॉर्टिशिया आहे, आणि जपानी दंतकथेतली आठ शाकू (साधारण आठ फूट) उंचीची बाई आहे, हाश्शाकुसामा.

आता उंचीचं. तिची उंची सगळ्यांच्या डोक्यात कशी बसली ते आठवा. ती दारातून येताना वाकते. टोपी एका हाताने धरून, खांदे आधी, मग मान. उंची दिसते ती दारामुळे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने, तिची उंची तुमच्याएवढीच, स्टिल्ट्स बांधायच्या ऐवजी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची चौकट केली, वरून फोमचं लाकूड रंगवलं, चौकटीची उंची साडेचार फूट. ती चौकट दोन मैत्रिणी धरायच्या आणि ही त्यातून वाकून यायची, टोपी धरून, हळूच, आणि सरळ उभी राहिली की चौकटीच्या वर अख्खं डोकं आणि टोपी. लोक टाळ्या वाजवायचे. पाच फूट दोन इंच! आणि ‘का बदललं’ याचं उत्तर तिच्याकडे होतं: उंच तीच जिच्यासाठी दार छोटं पडतं.

फोटोसाठी कॅमेरा गुडघ्याच्या खाली धरायला सांगा. टोपी वजनाने हलकी करा, आत पुठ्ठा नको, पातळ फोम आणि कडेला तार. आणि घाबरू नका, हसणारे दारातून निघून जातात.

७. ज्या व्हिलनला माणसाचं शरीरच नाही त्याचा कॉस्प्ले कसा करायचा? मला ग्लॅडॉस करायचीय.

जपानीत याला गिजिन्का म्हणतात, वस्तूला किंवा प्राण्याला माणूस करणं. ग्लॅडॉस (पोर्टल, २००७) ही छताला टांगलेली यंत्रणा आहे, पांढरं कवच, काळ्या केबल्स, एक पिवळा डोळा. सगळे काय करतात, पांढरा ड्रेस, पांढरा विग, पिवळी लेन्स, झालं. वाईट नाही पण त्यात ती कुठे आहे? ग्लॅडॉस म्हणजे आवाज. एलन मॅक्लेनने दिलेला तो थंड, गोड, टोमणे मारणारा आवाज, सासूबाई फोनवर बोलतात तसा. तेव्हा आधी ठरवा की शरीरात काय उतरवायचं. तिचं टांगलेलं असणं उतरवायचं असेल तर केबल्स खांद्यातून वर जाऊ द्या आणि मान कायम खाली झुकलेली ठेवा, सगळ्यांकडे वरून बघणारी. मी फॅन आर्टमध्ये एकदा तिला दिवाळीच्या फराळाच्या ताटांवर पाळत ठेवणारी काकू केली होती, केबल्सच्या जागी लांब वेणी, आणि केक ऐवजी करंजी. गेममध्ये ती खेळाडूला देते ते केकचं वचन खोटं होतं हे ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीये.

पोर्टल २ मध्ये (२०११) तिला बटाट्यात घालतात, तो प्रॉप सगळ्यांना करायचा असतो. खरा बटाटा घेऊ नका. मी घेतला होता. तीन आठवडे सराव करता करता त्याला मोड आले आणि आईने सोलून रस्सा केला, एलईडीचं भोक तेवढं कापून टाकलं. आणि खऱ्या बटाट्यावर एलईडी नीट लागतही नाही, गेममध्ये ती स्वतःच म्हणते की फक्त १.१ व्होल्ट मिळतात, लाल एलईडीला पण त्याहून जास्त लागतात. थर्माकोलचा बटाटा, आत बटण सेल.

८. शिंगं कॉनच्या दिवशीच उसवली. गोंद कोणता वापरू?

गोंद बरोबर असेल, जागा चुकली असेल. माझी शिंगं मे महिन्यात बंद गाडीत तीन तास होती, आणि काढली तेव्हा केळ्याच्या सालीसारखी चारी बाजूंनी उलगडलेली. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह उष्णतेने मऊ पडतो, फोम सरळ व्हायला बघतो, संपला विषय.

नीट करायची पद्धत: फोमला हीट गनने एकदा हलकं शेकायचं, पृष्ठभाग किंचित चमकला की थांबायचं. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं, ओला असताना जोडला तर कधीच धरत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, त्या वासाने डोकं खरंच धरतं. घासताना मास्क. पावसाळ्यात रंगाच्या दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या, मुंबईत दोन.

९. सेफिरोथची तलवार लोकलने कशी नेऊ?

तुकड्यांत. एकात एक बसणारे पीव्हीसी पाइप आत घाला, वरून फोमचं पातं, तीन तुकडे, चादरीत गुंडाळा. लोखंडी पातं करूच नका, बोथट असलं तरी कॉनच्या गेटवर प्रॉप चेकिंगला बाहेरच राहील आणि स्टेशनवर पोलिसांनी विचारलं तर ‘हे गेममधलं आहे’ हे उत्तर फार लांबवर जात नाही. गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात मोठा प्रॉप घेऊन चढाल तर व्हिलन तुम्ही कमी ठराल आणि समोरच्या बायका जास्त.

१०. व्हिलनला मराठी रूप द्यायचंय, नऊवारी वगैरे. चालेल का, की बाळबोध वाटेल?

नुसतं नऊवारी नेसवलं तर बाळबोध वाटेल, हो. पैठणीतली दिमित्रेस्कू मी आतापर्यंत पाच-सहा वेळा बघितलीय, छान दिसते, पण प्रत्येकीला विचारलं की पैठणीच का, तर उत्तर ‘आपली म्हणून’. एकीने मात्र तिला ओसाड वाड्यातली मालकीण केलं होतं, पायात चांदीचे वाळे आणि पदराआड किल्ल्यांचा जुडगा, आणि ती सगळ्यांना विचारायची, ‘जेवून जाणार ना?’ अंगावर काटा आला. तिचं वाक्य तयार होतं, वाड्यात आलेला पाहुणा हाच जेवण.

आणि आपल्याकडे खलपात्राला उलटंपालटं करायची परंपरा नाही असं कोण म्हणतं? संकासुर बघा की. पुराणात तो वेद चोरणारा राक्षस, मत्स्यावतारात विष्णू त्याला मारतो. पण दशावतारात सुरुवातीला आडदशावतारात तोच येतो तेव्हा मालवणीत बोलतो आणि मांडवातली पोरं हसून लोळतात. रत्नागिरीकडे शिमग्यात संकासुर निघतो, काळा पोशाख, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू, आणि बायका त्याच्या पाया पडतात. राक्षसाच्या! मी पिरॅमिड हेडचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी संकासुराची टोपीच आठवली होती, आणि त्या दोघांना एका चित्रात समोरासमोर उभं करायचं माझ्या वहीत दोन वर्षं नुसतं लिहून ठेवलंय.

देशी गेमच हवा असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक (२०२०) आहे, त्यातल्या महाबलासुराची फॅन आर्ट फार कमी झालीय. घ्या.

११. व्हिलनची चांगली बाजू दाखवली की लोक म्हणतात तुम्ही गुन्ह्यांचं समर्थन करता. काय उत्तर द्यायचं?

उत्तर द्यायच्या आधी आपलं चित्र एकदा नीट बघायचं, कधीकधी ते लोक बरोबर असतात.

समजून घेणं आणि माफ करणं यात फरक आहे, आणि काही गेम तो फरक स्वतःच करून दाखवतात. पेगन मिन सुरुवातीला तुम्हाला जेवायला बसवतो, क्रॅब रंगून खा, इथून हलू नका म्हणतो, आणि उठून जातो. सगळे पळून जातात आणि गेम सुरू होतो. पण खरंच पंधरा मिनिटांच्या आसपास तिथेच बसून राहिलं तर तो परत येतो, ज्यासाठी तुम्ही आलेले असता ती आईची राख ठेवायला तुम्हाला घेऊन जातो आणि गेम तिथेच संपतो. तो हुकूमशहा आहेच, सुरुवातीलाच माणसाला पेनाने भोसकतो, त्यात काही बदल होत नाही. पण थांबलं असतं तर हा प्रश्न गेमने स्वतःच ठेवलाय. एका कॉस्प्लेयरने दिवसभर हातात बशी धरून फक्त एकच केलं, येणाऱ्याला खुर्चीवर बसवायचं आणि म्हणायचं, ‘पंधरा मिनिटं.’ कोणी बसलं नाही. तोच त्याचा कॉस्प्ले होता.

पिरॅमिड हेडचं उलट आहे. सायलेंट हिल २ (२००१) मध्ये तो गेमचा नायक जेम्स याच्या अपराधातून आलाय, जेम्सला कोणीतरी शिक्षा करायला हवं होतं म्हणून. जेम्सशिवाय त्याला अर्थ नाही. त्याचे डिझायनर मासाहिरो इतो यांनी त्याला जिथे तिथे वापरण्याबद्दल जाहीर वैताग व्यक्त केलाय. मला त्यांचं पटतं, तरी गुबगुबीत पिरॅमिड हेडचे स्टिकर माझ्या लॅपटॉपवर आहेत. माणूस आहे मी.

१२. वोल्फेन्स्टाइनमधली फ्राउ एंगेल करायचीय. युनिफॉर्मवर ते चिन्ह लावू का?

नका लावू. ती गेममधली नाझी अधिकारी आहे, आणि हा एकच प्रकार आहे जिथे मी चर्चा करत नाही. सेफिरोथने जाळलेलं गाव खोटं आहे, नाझींनी मारलेली माणसं खरी होती आणि त्यांची नातवंडं आहेत. जर्मनीत ही चिन्हं सार्वजनिक ठिकाणी मिरवणं गुन्हा आहे, आणि गेममध्येसुद्धा २०१८ पर्यंत ती काढून किंवा बदलूनच विकावं लागायचं. आपल्याकडे ‘अहो पण आपल्या दारावर स्वस्तिक असतो’ हा मुद्दा नेहमी येतो. असतो, आणि तो तिथेच छान दिसतो, लाल पट्ट्यावर पांढऱ्या गोलात तिरका काढला की तो दारावरचा राहत नाही हे आपल्यालाही कळतं.

कॅरेक्टरच करायचं असेल तर युनिफॉर्म सोडून करा. चिन्ह नसताना ती भीतिदायक वाटते का हेच तर आव्हान आहे.

१३. गॅनॉनडॉर्फसाठी अंग रंगवायचं का? आणि माझा रंग सावळा आहे, गोऱ्या व्हिलनसाठी पावडर फासू का?

हिरवा, निळा, राखाडी, जांभळा, बिनधास्त रंगवा. दुसऱ्या वंशाच्या माणसाचा रंग म्हणून काळा किंवा तपकिरी फासू नका, त्यामागे अपमानाचा मोठा इतिहास आहे आणि गॅनॉनडॉर्फ (झेल्डा गेममधला व्हिलन) त्याशिवायही होतो, लाल केस आणि कपाळावरचं रत्न पुरतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नाही. फाउंडेशन लावायचं तर आपल्याच शेडचं. फोटो एडिट करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, न विचारता दोन शेड उजळ करून देतात.

१४. स्पर्धेत बदललेला व्हिलन चालतो का?

स्पर्धेवर अवलंबून. काही ठिकाणी मूळ गेमचा रेफरन्स फोटो द्यावाच लागतो आणि जज त्याच्याशी ताडून बघतात, तिथे तुमची करंजीवाली ग्लॅडॉस मार खाईल. काही ठिकाणी स्वतःचं डिझाइन वेगळ्या गटात घेतात. नियम वाचा, नाही कळलं तर मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कसं बनवलं त्याचे फोटो आणि तुमचं स्केच एका फाइलमध्ये न्या, जजसमोर तीन-चार मिनिटं मिळतात आणि तोंडाने काही आठवत नाही. परफॉर्मन्सवर भर असलेल्या स्पर्धांत बदलाला जास्त वाव असतो. नागोयाची वर्ल्ड कॉस्प्ले समिट २००३ पासून चालू आहे, तिथल्या मुख्य स्पर्धेत जोडीने उतरतात, आणि जोडी म्हटलं की हिरो-व्हिलनचं नातंच स्टेजवर येतं.

१५. दुसऱ्या कोणाच्या फॅन आर्टवरून कॉस्प्ले केला तर त्यांची परवानगी लागते का?

लागते असं धरून चाला. व्हिलन कंपनीचा, पण तो विशिष्ट झगा, ती विशिष्ट शिंगं त्या चित्रकाराची. दोन ओळींचा मेसेज करा, बहुतेक जण खूश होतात. उत्तर आलं नाही तर ते डिझाइन सोडा. नाव फोटोखाली पहिल्या ओळीत लिहा, विसाव्या हॅशटॅगनंतर नको. बाउझेटसारखं हजारो जणांनी काढलेलं असेल तर मूळ कल्पनेचं नाव आणि ज्याच्या चित्रावरून शिवलं त्याचं नाव, दोन्ही.

१६. फॅन आर्टचे प्रिंट, स्टिकर विकले तर केस होते का?

मी वकील नाही, जेवढं पक्कं माहितीये तेवढं सांगते. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये फेअर डीलिंग, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, आहे: खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. ही यादी आहे, अमेरिकेतल्या फेअर यूजसारखी मोकळी कसोटी नाही. तेव्हा रेडिटवर कोणी ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह (मूळ बदलून नवं केलेलं) आहे, चालतं’ म्हणालं तर तो त्याच्या देशातलं सांगतोय. घरी लावायला काढलेलं चित्र आणि शंभर स्टिकर छापून टेबलावर मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या छोट्या चित्रकारांकडे काणाडोळा करतात कारण फुकटची जाहिरात होते, पण काणाडोळा म्हणजे परवानगी नाही, तो डोळा कधीही उघडू शकतो. काही कंपन्यांनी फॅन प्रोजेक्टचे नियम लिहून ठेवलेत, रायट गेम्सचं लीगल जिबर जॅबर म्हणून पानच आहे. विकायच्या आधी तुमच्या गेमचं पान शोधा. कंपनीचा लोगो आणि गेमचं नाव प्रिंटवर टाकू नका, तिथे ट्रेडमार्क पण येतो. आणि गेममधलाच स्क्रीनशॉट ट्रेस करून विकत असाल तर मग प्रश्न २ परत वाचा.

१७. एआयने व्हिलनचं नवीन डिझाइन बनवून त्यावरून कॉस्प्ले केला तर?

एका मुलाने असं चित्र पाठवलं होतं, ‘ताई पॅटर्न काढून दे’. डाव्या खांद्यावरून एक पट्टा निघत होता आणि कमरेच्या मागे कुठेच जात नव्हता. बकल पाच, त्यातली दोन हवेत. चिलखत अंगावर चढतं कसं याचा विचार त्या चित्रात कोणी केलेलाच नाही, तो सगळा तुम्हालाच करावा लागतो, मग आधीच पेन्सिल घ्या. बऱ्याच स्पर्धा आणि आर्टिस्ट टेबलवाले हे घेत नाहीत, विचारून घ्या. आणि ‘का बदललं’ याचं उत्तर ‘मशीनने दिलं’ असेल तर मला पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

१८. व्हिलनच्या वेशात असलं की लोक जास्त अंगचटीला येतात का?

हो. ‘तू तर व्हिलन आहेस, घाबरतेस काय’ असं म्हणून खांद्यावर हात टाकतात. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ पासून कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे असे फलक लावले, कारण हे सगळीकडे होतं. तुम्ही कॅरेक्टरमध्ये असलात तरी ‘नाही’ स्वतःच्या आवाजात म्हणा, त्याने समोरचा पटकन भानावर येतो. एकजण सोबत ठेवा जो वेशात नाही, पाणी, सेफ्टी पिना, सुपर ग्लू आणि भांडण त्याच्याकडे. आणि उलट बाजूनेही, तुम्ही पिरॅमिड हेड असाल तर छोट्या मुलांच्या मागे धावू नका, आधी आईबाबांकडे बघा.

१९. माझा मुलगा सातवीत आहे, त्याला बाउझरच व्हायचंय. हिरो हो म्हटलं तर ऐकत नाही. करू द्यावं का?

करू द्या हो. गॅदरिंगमध्ये रावण व्हायला आमच्या वर्गात भांडणं व्हायची, रामाला कोणी तयार नसायचं. त्याला फक्त विचारा, बाउझर दर वेळी हरतो तरी परत का येतो? आणि तो जे सांगेल ते कवचावर रंगवू द्या. कवचाला जुनी योगा मॅट पुरते, काट्यांना थर्माकोलचे कोन, पट्टे दप्तराचे. कटर तुमच्या हातात, ब्रश त्याच्या. फक्त शाळेचा पांढरा शर्ट घालून रंगवायला बसवू नका, ॲक्रिलिक एकदा वाळलं की निघत नाही.